आमची वाटचाल : एसएमपीएसचं वजन

एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, हातात घेतला की आधी त्याचं वजन बघायचं, ही सवय मला दुकानाच्या पहिल्याच वर्षी लागली. आजही नवीन माल आला की बिल तपासायच्या आधी मी खोका उघडून तेच करतो.

२००६ साली सांगलीत हरभट रोडच्या मागच्या गल्लीत मी आणि धाकट्या भावानं कॉम्प्युटरचं दुकान सुरू केलं. दहा बाय बाराचा गाळा, एक टेबल आणि वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिलेलं चाळीस हजारांचं कर्ज. ब्रँडेड कॉम्प्युटर साध्या घराला परवडायचा नाही, म्हणून लोक सुटे भाग जोडून, असेंबल करून घ्यायचे. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड गाठायचं आणि लॅमिंग्टन रोडची सुट्या भागांची दुकानं उघडेपर्यंत चहाच्या टपरीवर थांबायचं. परतीच्या गाडीत कॅबिनेट (सगळे भाग मावणारी पेटी) बर्थखाली आणि बोर्ड (मदरबोर्ड), प्रोसेसर मांडीवर.

त्याच वर्षी एका रिक्षावाल्या काकांनी मुलीसाठी कॉम्प्युटर घेतला. त्यांचं बजेट अठरा हजार, एक रुपयाही वर नाही. ते जमवण्यासाठी मी कॅबिनेटसोबत आलेला एसएमपीएसच ठेवला. तेव्हा लोडशेडिंग रोजचंच होतं. आठ महिन्यांनी काका कॅबिनेट रिक्षात घालून आले. "भाऊ, लाईट आली आणि ठप्प आवाज झाला बघा." एसएमपीएस गेला होता आणि जाताना बोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला होता. जळालेला बोर्ड वॉरंटीत धरत नाहीत. आम्ही तिन्ही वस्तू पदरमोड करून बदलल्या, पण मुलीचा कॉलेजचा प्रोजेक्ट काही परत आला नाही. चार संध्याकाळी ती आमच्याच टेबलावर बसून तो पुन्हा टाइप करत होती. मी शेजारी बसून दुसरं मशीन जोडत होतो आणि तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

नंतर तो एसएमपीएस मी उघडला. वर ४५० वॅट छापलेलं, आत जवळजवळ पोकळ, म्हणूनच हातात हलका. जिथं फिल्टरची कॉइल हवी तिथं नुसती तार जोडलेली, उष्णता बाहेर टाकणारी हीट सिंक पत्र्याएवढी पातळ. लेबलवर १२ व्होल्टच्या पुढं १४ अँपिअर लिहिलेलं होतं. बारा गुणिले चौदा, म्हणजे १६८ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात, त्यामुळं खरा आकडा तोच. मोठ्या अक्षरातल्या वॅटकडे बघू नका, १२ व्होल्टची ओळ वाचा, हे मी तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये व्होल्टेज चढलं किंवा शॉर्ट झालं की स्वतःहून बंद पडायची सोय असते. जास्तीचे हजार-दीड हजार त्या सोयीचे असतात.

तेव्हापासून कॅबिनेटसोबतचा एसएमपीएस लावून आम्ही एकही मशीन विकलेलं नाही. त्यापायी गिऱ्हाईकं गेली. शेजारचा दुकानदार त्याच कॉन्फिगरेशनला दोन हजार कमी सांगायचा आणि लोक तिकडं वळायचे. पण पैसे वाचवायला दुसऱ्या जागा आहेत की! कॅबिनेट साधं घ्या. बोर्डावरचे रंगीत दिवे नकोत. प्रोसेसर मागच्या पिढीचा चालतो. कीबोर्ड, माऊस जुनेच लावा. प्रत्येक सुट्या भागाचा सीरियल नंबर बिलावर लिहायची पद्धतही तेव्हाच सुरू केली आणि त्याची एक प्रत कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवू लागलो. तीन वर्षांनी वॉरंटीत काही द्यायची वेळ आली की बिल सापडत नाही, ती प्रत मात्र सापडते.

२०११ च्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला. हार्ड डिस्कचे मोठे कारखाने तिथंच होते. बघता बघता आमच्याकडे ५०० जीबीच्या डिस्कचा भाव दुपटीवर गेला. त्याच्या पंधरा दिवस आधी एका टायपिंग क्लासला आम्ही चौदा मशीनचं कोटेशन देऊन अॅडव्हान्स घेतला होता. भाऊ म्हणाला, "दादा, शब्द दिलाय." मशीन ठरल्या भावातच दिली आणि तो तोटा भरून निघायला वर्ष गेलं. आता कोटेशनवर "सात दिवसांसाठी" असं छापलेलं असतं.

घरच्या कॉम्प्युटरसाठी २०१७ आणि २०१८ ही वर्षं आनंदाची गेली. आधी पेंटियम जी४५६० हा प्रोसेसर आला. दोनच कोअर, पण चार थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चार कामं हाताळणारा. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये आतच ग्राफिक्स असलेला रायझन ३ २२००जी आला आणि वेगळ्या ग्राफिक कार्डाशिवाय पोरं गेम खेळू लागली. पण एक गोष्ट समजावताना घसा कोरडा व्हायचा. या चिपच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधूनच काम भागवते. त्यामुळं रॅमची ८ जीबीची एक काडी लावण्यापेक्षा ४-४ च्या दोन लावल्या तर रस्ता दुहेरी होतो आणि गेमचा वेग डोळ्यांना दिसेल इतका वाढतो. "नंतर एक वाढवता येईल" म्हणून लोक एकच मागायचे. मी दोन्ही प्रकारे जोडून तोच गेम समोर चालवून दाखवायचो. बघितल्यावर कुणी वाद घातला नाही.

मग ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. माळ्यावर टाकला तेवढाच माल वाचला. पाणी ओसरलं तेव्हा भिंतीवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. आम्ही गाळ काढतच होतो, तोवर लोक चिखलानं भरलेले कॅबिनेट घेऊन दारात. पहिलं सांगणं एकच असायचं, चालू करून बघू नका. बोर्डावरचा सेल काढायचा, स्वच्छ पाण्याखाली मऊ ब्रशनं गाळ धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवायचा आणि तीन-चार दिवस पंख्याखाली सुकवायचं. बोर्ड पाण्यानं धुतोय हे बघून लोक घाबरायचे, पण पाण्यानं बोर्ड मरतोच असं नाही. ओला असताना वीज दिली तर मरतो, किंवा गाळ तसाच राहिला तर हळूहळू गंजतो. एसएमपीएस मात्र सरसकट टाकून दिले. हार्ड डिस्कला बारीक श्वासछिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं, म्हणून त्या न फिरवता डेटा काढणाऱ्यांकडे पाठवल्या. मजुरी घेतली नाही. ती घेण्याचे दिवसच नव्हते. तेव्हा जगलेले काही बोर्ड आजही आमच्या सर्व्हिसच्या वहीत आहेत.

लॉकडाऊनमध्ये शाळा ऑनलाइन झाली आणि मागणी अंगावर आली. मालच नव्हता. तेव्हा जुने कोअर आय५ प्रोसेसर आणि त्यांना चालणारे नवीन एच६१ बोर्ड जोडून मशीन दिली. प्रोसेसर वापरलेला आहे, हे बिलावर मराठीत लिहून द्यायचो. अनेकांना तर नवीन मशीन लागलंच नाही. दहा वर्षांच्या कॉम्प्युटरला हार्ड डिस्कऐवजी २४० जीबीची वेगवान एसएसडी लावली, रॅमचे पाय खोडरबरानं घासले, आतली धूळ काढली, की काम झालं. आयांचे फोन यायचे, "मशीन लगेच उघडतंय हो आता."

अर्थिंगबद्दलही बोलायला हवं. "कॅबिनेटला करंट येतोय" ही तक्रार पावसाळ्यात हमखास येते. भाऊ घरी जाऊन बघतो, तर प्लगचं तिसरं भोक रिकामं, मागं तारच नाही. महागातला एसएमपीएसही तिथं काही करू शकत नाही. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतल्याशिवाय आम्ही नवीन मशीन चालू करून देत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या आय५ वाल्यांना विंडोज ११ अधिकृतपणे घेता येत नाही. ज्यांचं काम ब्राउझर आणि टायपिंगचं आहे, त्यांना विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टिम घालून देतो. त्याच सुमारास रॅमचे भावही चढू लागले, कारण मेमरी चिप एआयच्या डेटा सेंटरकडे वळू लागल्या. म्हणून सध्या काढून ठेवलेली प्रत्येक काडी तपासून, लेबल लावून कपाटात जाते.

मागच्या महिन्यात वालचंद इंजिनीअरिंग कॉलेजमधून बाहेर पडलेला एक मुलगा आला. २०१८ मध्ये त्यानं आमच्याकडून २२००जी घेतला होता, आता त्याला जोर कमी पडत होता. एएम४ सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, फायदा इथं कळतो. जुना प्रोसेसर जागेवरच ठेवून, मशीन यूपीएसवर लावून आधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, मग त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० बसवला. त्याच्याकडे ग्राफिक कार्ड होतं म्हणून हे जमलं, कारण ५६०० ला स्वतःचं ग्राफिक्स नाही. कॅबिनेट, रॅम, एसएमपीएस सगळं जुनंच.

सुटलेला २२००जी आम्ही विकत घेतला. कपाटातला एक सेकंडहँड बोर्ड आणि ४-४ च्या दोन काड्या त्याला जोडल्या. ते मशीन आता मिरजेच्या एका आठवीतल्या मुलाकडे आहे. एसएमपीएस तेवढा नवा लावला.