‘भुर्र’ हाही शब्दच

मुलगा २२ महिन्यांचा होईपर्यंत घरात एकच पालुपद होतं : "त्याचा बाबासुद्धा तीन वर्षांचा झाल्यावर बोलला. आणि आता बघ!" आता म्हणजे काय, ते मला कधी कळलं नाही. माझा नवरा दिवसाकाठी मोजून वीस वाक्यं बोलतो.

सर्दीसाठी दवाखान्यात नेलं होतं, तेव्हा डॉक्टरांनी सहज विचारलं, "किती शब्द बोलतो?" मी म्हटलं, तीन. आई, बाबा आणि नको. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द यावेत, दोन शब्द जोडता यावेत, असं ते म्हणाले. आधी कान तपासून घ्या, हेही सांगितलं. मला रागच आला. बिस्किटाचा पुडा फोडला की पलीकडच्या खोलीतून धावत येतो तो! पण काही आवाज नीट ऐकू येतात आणि बोलण्यातले ‘स’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज निसटतात, असंही होतं म्हणे. गेलो.

बेरा या ऐकण्याच्या तपासणीला मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानामागे वायरी चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्र टिपतं. म्हणून सकाळपासून झोपू द्यायचं नव्हतं. पाच वाजल्यापासून त्याला जागं ठेवलं, अंघोळ दोनदा घातली. आणि पठ्ठ्या रिक्षात झोपला. दवाखान्याच्या दारात उतरलो तेव्हा टक्क जागा. पुढची तारीख आठवड्यानं मिळाली. त्या वेळी रिक्षात मी त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत बसले होते. कान ठणठणीत निघाले.

मग स्पीच थेरपिस्ट. मॅडमनी आधी आम्हाला नुसतं खेळायला सांगितलं आणि कोपऱ्यात बसून राहिल्या. मी गाडी उचलली. "हे काय आहे? बोल, गाडी. कुठला रंग? बोल ना राजा." दहा मिनिटांनी त्या हसून म्हणाल्या, "तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत, एकाचं तरी उत्तर द्यायला वेळ दिलात का?"

त्यानंतर त्याचे शब्द पुन्हा मोजले. बाहेर जायचं असलं की तो ‘भुर्र’ म्हणायचा, गाईला ‘हम्मा’, जेवणाला ‘मंमं’. ते बोबडे बोल म्हणून मी धरलेच नव्हते. उलट, लहानपणापासून शुद्ध बोलायला शिकवायचं म्हणून सासूबाईंना ‘काऊ’सुद्धा म्हणू देत नव्हते. मॅडम म्हणाल्या, दर वेळी त्याच गोष्टीसाठी वापरतो ना? मग शब्दच तो. तीनाचे अकरा झाले. सासूबाईंनी घरी येऊन मला काही सुनावलं नाही; फक्त खिडकीत उभं राहून जरा मोठ्यानं "आला गं बाई काऊ" म्हणाल्या.

घरी करायचं काम ऐकायला सोपं होतं. मोबाईल बंद. प्रश्न कमी. तो करतोय ते आपण बोलायचं, त्याच्या शब्दात एक शब्द घालून परत द्यायचं. तो ‘गाडी’ म्हणाला तर ‘गाडी गेली’. आणि थांबायचं. मनात दहा आकडे मोजायचे. हे थांबणं मला सगळ्यात जड गेलं. सासूबाईंना तर त्याहून जड. तो बोट दाखवायच्या आत वस्तू त्याच्या हातात. मग मागायचं कशाला त्यानं? आम्ही शेंगदाण्याचे लाडू घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवले. तो बरणी आणून द्यायचा, मी त्याच्याकडे बघत बसायचे. सात, आठ, नऊ... रडला की मीच म्हणायचे, "उघड." आणि उघडायचे. रडवून शब्द काढायचा नाही, हे मॅडमनी बजावलं होतं.

शब्द आला तो मात्र बरणीवर नाही. मटार सोलत होतो. मी शेंग धरून "उघड" म्हणायचे, दाणे ताटलीत टपटप पडायचे. पंधराएक शेंगा झाल्या असतील. एक शेंग माझ्या नाकाशी धरून तो म्हणाला, "उगद." त्या दिवशी घरातल्या चौघांना पुरून उरेल एवढा मटार सोलला. दीड महिन्यानं "अजून मता".

मध्ये शेजारच्या ताईंनी सुचवलं, घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी मूल गोंधळतं. मॅडमनी ते साफ खोडून काढलं. दोन भाषांमुळे बोलणं लांबत नाही. जी भाषा आपल्या तोंडात सहज येते, तीच भरपूर बोला. आम्ही खासगीत पैसे भरले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत मुलांची तपासणी होते आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पुढची मदत मोफत मिळते, हे अंगणवाडीच्या ताईंकडून कळलं तेव्हा सहा महिने उलटले होते.

आता तो तीन वर्षांचा आहे. ‘र’ला ‘ल’ म्हणतो. त्याला अजून वेळ आहे म्हणे. पण दिवसभर आम्हा बायकांतच असल्यामुळे ताट बाजूला सारून ऐटीत सांगतो, "मी जेवले." हे मॅडमना सांगितल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. हल्ली तो कामावरून आला की बुटांपासून सुरुवात करतो : "मी आलो. मी बूट काढले. मी दमलो..." वीस वाक्यं तर दारातच होतात.