नागपूर ते गुहागर कॅम्परव्हॅनने: घाट, घाट्या आणि गाडीचं शेपूट

रत्नागिरीत मिऱ्या बंदराकडून निघणाऱ्या रस्त्याला तिथले लोक ‘मिऱ्या-नागपूर महामार्ग’ म्हणतात. आपल्याकडे बुटीबोरीच्या पुढे तोच रस्ता नुसता वर्ध्याचा किंवा यवतमाळचा असतो, रत्नागिरीचं नावही कुणी काढत नाही. पण वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर असं सरळ गेलं की आंबा घाट उतरून समुद्राला लागता येतं. अंतर साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. ही फेरी डिसेंबरातली: आंबा घाटाने खाली, रत्नागिरीहून किनाऱ्याने उत्तरेकडे गणपतीपुळे, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, आणि चिपळूणवरून कुंभार्ली घाटाने वर.

गाडी ट्रॅव्हलर या मिनीबसच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेली. लांबी साडेपाच मीटर, आरसे धरून रुंदी सव्वादोन मीटर, छतावरचं सोलर पॅनल धरून उंची २.८५ मीटर. पाणी, डिझेल आणि चार माणसांसह वजन साडेतीन टनांच्या घरात. कोकणात मोठी गाडी न्यायची म्हटलं की सगळे रुंदीला घाबरतात. प्रत्यक्षात गाडी अडते ती मागच्या चाकांपलीकडे लोंबणाऱ्या शेपटामुळे, आणि घाटात घात होतो तो ब्रेक तापल्यामुळे. पुढचं बरंचसं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

निघण्याआधी धरमकाट्यावर दोन वजनं करून घ्यावीत. एक पूर्ण गाडीचं, टाक्या भरून आणि माणसं बसवून. दुसरं फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. पलंग, बॅटरी, पाण्याची टाकी, गॅस असं सगळं बॉडीवाले मागेच बसवतात, म्हणून एकूण वजन मर्यादेत असूनही मागचा अ‍ॅक्सल मर्यादेबाहेर गेलेला निघतो. मग पुढची चाकं हलकी पडतात आणि ओल्या उतारावर स्टेअरिंग ऐकत नाही. जड सामान दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणि खाली हवं.

ब्रेक ऑइल जुनं असेल तर बदलूनच निघावं. ते हवेतली ओल शोषून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ३ दर्जाच्या ऑइलचा किमान उकळबिंदू नवं असताना २०५ अंश, ओल शोषल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. सपाटीवर हा फरक कधी जाणवत नाही. सलग उतारावर ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. उत्पादकाने सांगितलेल्या दर्जाचंच ऑइल भरायचं.

टायरमधल्या हवेचाही एक हिशेब आहे. डिसेंबरातल्या पहाटे नागपुरात १० अंशांवर ५५ पीएसआय भरलेली हवा रत्नागिरीच्या ३० अंशांत गाडी न हलवताही ६० च्या जवळ जाते. म्हणून किनाऱ्यावर पोहोचल्यावर सकाळी, टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवरचा आकडा बघून एकदा हवा सारखी करावी. तापलेल्या टायरमधून हवा काढू नये.

नागपूरकरांची खरी अडचण सवयीची आहे. आपल्याकडे चढउतार म्हणजे उड्डाणपूल. ज्याने मोठी गाडी घाटात नेलेली नाही त्याने आधी रामटेकच्या गडाचा रस्ता करावा, मग परतवाड्याहून चिखलदरा. चिखलदरा अकराशे मीटरवर आहे, वळणं भरपूर आहेत आणि मधल्या वारी गर्दी नसते. तिथे एकाच गोष्टीचा सराव करायचा, ब्रेकला पाय न लावता किती उतार उतरता येतो याचा.

नागपूर ते कोल्हापूर लिहिण्यासारखं फार नाही. रस्ता बहुतेक चौपदरी आहे. तुळजापूर किंवा लातूरला एक मुक्काम आणि कोल्हापुरात दुसरा, म्हणजे आंबा घाट सकाळी ताज्या डोक्याने उतरता येतो. घाटाआधी मलकापूरला डिझेल भरावं आणि पाण्याची टाकी जवळपास रिकामी करावी. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, आणि आत आडपडदे नसलेली अर्धी भरलेली टाकी तर सगळ्यात वाईट, वळणावर पाणी एकीकडून दुसरीकडे धावतं. पाणी खाली पालीत किंवा रत्नागिरीत मिळतं. या रस्त्याच्या रुंदीकरणाची कामं होत आली आहेत, त्यामुळे वळणरस्ते आणि खडी धरून वेळ काढावा.

आंबा गाव सोडलं की उतार सुरू होतो. गिअर आधीच खाली घ्यायचा, उतार लागल्यावर नाही. आमच्या गाडीसारख्या वजनाला तिसरा गिअर आणि ३० ते ३५ चा वेग, आवळत्या वळणाच्या आधी दुसरा. डिझेल इंजिनाचं इंजिन-ब्रेकिंग (गिअरमधल्या इंजिनाने गाडीला मागे धरणं) पेट्रोलइतकं जोरदार नसतं, त्यामुळे वेग हळूहळू वाढत राहतोच. तो ३५ च्या पुढे गेला की ब्रेक ठाम दाबून २० वर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. पेडलवर सतत हलका पाय ठेवला तर ब्रेकच्या लायनिंगला थंड व्हायला फुरसतच मिळत नाही. न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरणं म्हणजे तर संकटाला आमंत्रण. ब्रेक बूस्टरचं (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचं) व्हॅक्यूम इंजिनाच्या पंपाकडून येतं. इंजिन बंद झालं की दोन-तीन दाबांत ते संपतं, पेडल दगड होतं आणि स्टेअरिंगही जड होतं.

जळका, आंबट वास आला तर रुंद जागा बघून थांबायचं. चाकांना गुटके (अडवणारे ठोकळे) लावायचे, गाडी उताराकडे तोंड करून असेल तर रिव्हर्स गिअर टाकायचा, आणि अर्धा तास काही करायचं नाही. ब्रेकच्या ड्रमवर पाणी ओतू नये, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. तापलेल्या ड्रमवर एकट्या हँडब्रेकचाही भरवसा नाही. ड्रम थंड होऊन आकसला की बसलेली पकड बदलते. म्हणून गुटके हवेतच, आणि ते सीटखाली हाताशी हवेत. पलंगाखालच्या पेटीत, सगळ्या सामानाच्या मागे ठेवलेल्या गुटक्यांचा काही उपयोग नाही.

साखरपा, पाली, हातखंब्यावरून रत्नागिरी. इथून उत्तरेला शिरगाव, बसणीवरून आरे-वारेचा रस्ता नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळ्याला जातो. दोन पुळणींच्या (वाळूच्या किनाऱ्यांच्या) मध्ये डोंगर, डोंगरावरून लगेच खाली, परत पुळण. फोटोत दिसतो तो हाच. उत्तरेकडे जाताना समुद्र डावीकडे, आणि आपण चालतोही डावीकडूनच. म्हणजे समोरून गाडी आली की कड्याच्या बाजूला सरकायचं ते आपण. म्हणूनच पुढच्यांनी ही फेरी उलट करावी: कुंभार्लीने खाली, गुहागर, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि आंबा घाटाने वर. तेव्हा समुद्र उजवीकडे पडतो, डोंगर डावीकडे. फार तर गटाराला चाक लागेल.

एकपदरी डांबर साधारण पावणेचार मीटर. त्यातले सव्वादोन आपण घेतले की उरतो दीड, आणि त्यात मोटार मावत नाही. दोघांनीही एकेक बाजू साईडपट्टीवर उतरवावी लागते. साईडपट्टी लाल मातीची, कित्येक ठिकाणी डांबराखाली वीतभर खचलेली. आधी शेजाऱ्याने उतरून पायाने दाबून बघायचं. अरुंद चढावर वर येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे. पण एसटी दिसली की नियम बाजूला ठेवून आपणच मागे जावं, कारण मागे रुंद जागा कुठे होती ते तिच्या ड्रायव्हरपेक्षा आपल्याला नुकतंच दिसलेलं असतं. आरे-वारे सकाळी आठच्या आत पार करावा. नंतर फोटोवाले वळणावरच गाड्या लावतात.

गल्ली निवडण्याची एकच कसोटी: इथून एसटी जाते का? जात असेल तर आपलीही जाईल. मॅप जवळचा म्हणून वाडीतून नेतो, तिथे दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे (कुंपणाच्या भिंती) असतात, वर फणसाची आडवी फांदी, आणि घराघरांत ओढलेल्या केबलच्या वायरी. पॅनलची उंची डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. वायर संशयाची वाटली तर एकाने उतरून मागे उभं राहून बघावं. हाताने किंवा काठीने वायर उचलायला जाऊ नये.

डावीकडचं आवळतं वळण सगळ्यात अवघड. ते आपल्या आतल्या बाजूला येतं, आणि वळणाच्या आतल्या कडेला चढ बाहेरच्यापेक्षा तीव्र असतो. गिअर आधी टाकायचा, हॉर्न द्यायचा, समोर मोकळं असेल तर नाक उजवीकडे नेऊन उशिरा वळायचं आणि डाव्या आरशात मागचं चाक बघत राहायचं. मागचं चाक पुढच्याच्या आतून जातं. त्याच वेळी शेपटाचा उजवा कोपरा वीतभर बाहेर फेकला जातो, तो गडग्याला किंवा शेजारून घुसलेल्या दुचाकीला लागतो. मागे शिडी किंवा सायकल स्टँड बसवलेला असेल तर घाटाआधी काढून आत ठेवलेला बरा.

गणपतीपुळ्याला अंगारकीला जाऊ नये, एवढंच. पुढे मालगुंड, केशवसुतांचं गाव, मग जयगड. जयगडच्या बंदरामुळे निवळीकडून येणाऱ्या रस्त्यावर अवजड ट्रक असतात.

जयगडहून खाडीपलीकडे तवसाळला फेरीबोट जाते. गाडी बोटीला रुंदीमुळे अडत नाही, शेपूट घासतं. जेटीचा उतार आणि बोटीची फळी यांच्यात कोन होतो. पाणी उतरलं की फळी खाली जाते, कोन वाढतो, आणि पुढची चाकं फळीवर चढतात तेव्हा मागचा बंपर, टाकीचा नळ किंवा सायलेन्सर काँक्रीटला लागतो. शिवाय ओहोटीत उघडा पडलेला जेटीचा भाग शेवाळलेला असतो. म्हणून भरतीच्या आसपासची बोट धरावी. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरतो: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दिवसा आणि रात्री दोन्हीकडे. ओहोटी त्याआधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी. वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, पण बोट निवडायला तेवढं पुरे. पौर्णिमा आणि अमावास्येला सकाळी लवकर आणि संध्याकाळी पाणी सर्वांत खाली असतं, त्या दिवशी दुपारची बोट घ्यावी.

चढवताना ड्रायव्हर सोडून सगळे खाली. गॅसचा व्हॉल्व्ह सिलिंडरवर बंद. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, चालण्याच्या वेगाने, आणि फळीवर थांबायचं नाही. एकाने बाजूला वाकून फक्त मागचा बंपर बघायचा. दोन बोटं जागा उरली की हात वर. तरी घासेल असं वाटलं तर हट्ट करू नये. राई-भातगाव पुलावरून खाडी ओलांडून आबलोलीमार्गे गुहागरला जाता येतं. वळसा पडतो, पण टाकीचा नळ जागेवर राहतो.

तवसाळ ते गुहागर हा पट्टा सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारा. वर सडा, मोकळा आणि सपाट. खाली प्रत्येक गावाला उतरणारी एक घाटी. हेदवीचं दशभुज गणेशाचं देऊळ टेकडीवर आहे, समुद्रावरची बामणघळ खाली. वेळणेश्वरचं देऊळ आणि पुळण तळाशी, उतार तीव्र. अशा ठिकाणी गाडी वर ठेवून आधी पायी किंवा रिक्षाने खाली जावं आणि दोनच गोष्टी बघाव्यात: खाली गाडी वळवायला जागा आहे का, आणि उतारावर समोरासमोर आलो तर कुठे थांबायचं. जागा नसेल तर खाली न्यायचीच नाही. उलट चढताना रिव्हर्स घेणं म्हणजे क्लचची राख. हाफ क्लचवर गाडी धरून ठेवली की मिनिटभरात वास येतो. चढावर थांबलात तर हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिनाने ओढ घेतली की हँडब्रेक सोडायचा.

पुळणीवर गाडी घालू नये, हे सांगूनही लोक घालतात. साडेतीन टन कडक दिसणाऱ्या वाळूतही बसतात, आणि भरती कुणासाठी थांबत नाही. मुक्कामासाठी गावात विचारून अंगण किंवा निवासाचं आवार घ्यावं. सड्यावर रात्री वारा सणसणीत असतो, गाडीचं तोंड वाऱ्याकडे ठेवावं. शौचालयाची टाकी खाडीत किंवा शेतात रिकामी करू नये.

शिमग्यात या पट्ट्यात पालख्या घरोघर फिरतात, रस्ता तास-तासभर थांबतो. गणेशोत्सवात महामार्गच भरलेला असतो. पावसाळ्यात तर या गाडीने जाऊच नये.

गुहागरहून चिपळूण ४५ किलोमीटरच्या आसपास. चिपळूणला गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुऊन घ्यावं, जेटीवरचं खारं पाणी आणि लाल धूळ चॅसीच्या सांध्यांत बसलेली असते. कुंभार्ली चढताना ट्रकांच्या मागे दुसऱ्या गिअरात राहायचं. वरच्या गिअरात इंजिन दबलं की पाण्याचा पंपही मंद फिरतो आणि काटा वर सरकतो. काटा चढला तर एसी बंद, हीटर पूर्ण सुरू, खिडक्या उघड्या. कोयनानगरला थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता दोन-तीन मिनिटं तसंच चालू द्यावं, टर्बो थंड होतो. रेडिएटरचं झाकण मात्र तासभर उघडू नये.

कराडहून विट्यावरून सोलापूरच्या रस्त्याला लागलं की पुढे पुन्हा ओळखीची सपाटी. नागपूरला आल्यावर मागचे ड्रम उघडून घेतले तेव्हा आत जांभ्याची लाल पूड थर धरून बसलेली होती आणि उजवीकडची हँडब्रेकची केबल गंजायला लागली होती. दोन तासांचं काम. ब्रेक क्लीनर, केबलला ग्रीस आणि नवे रबर बूट.