सरांच्या फळ्यावर नसलेलं हार्मोन

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी काहीतरी लिही असा फोन आला तेव्हाच ठरवलं की आमच्या सायन्सच्या सरांनी शिकवलेल्या हार्मोनच्या धड्यावर लिहायचं, कारण आज फिजिऑलॉजीच्या लॅबमध्ये मी जे करते ते तिथूनच सुरू झालं. सर म्हणायचे, हार्मोन रक्तातून अंगभर फिरतं, पण हजेरीत ज्याचा नंबर तोच "हजर" म्हणतो ना, तसं ज्या पेशीवर त्याचा रिसेप्टर, म्हणजे त्याला ओळखून पकडणारं प्रथिन, असतो तीच ओ देते. मग फळ्यावर ग्रंथींची यादी. त्यात हृदय नव्हतं, आमच्या पुस्तकातही नव्हतं.

खरंतर 1981 मध्येच कॅनडात किंग्स्टनला अडोल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला होता आणि त्यांच्या लघवीतून मीठ-पाणी भराभर जायला लागलं, बीपी उतरलं. तेच एएनपी (एट्रियल नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) हे हार्मोन, 28 अमिनो आम्लांचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी, कप्पा ताणला गेला की हृदय ते रक्तात सोडतं.

एएनपी रक्तवाहिनी कशी सैल करतं हे डोळ्यांनी बघायला मिळतं ते मला फार आवडतं. उंदराच्या महाधमनीची दोन-तीन मिलिमीटरची रिंग दोन बारीक हुकांत अडकवायची, 37 डिग्रीच्या द्रावणात सोडायची, खालून ऑक्सिजनचे बुडबुडे चालू, मग फिनाइलेफ्रिन हे रक्तवाहिनी आवळणारं औषध घातलं की रिंग आवळते आणि स्क्रीनवरची ताण दाखवणारी रेघ चढते. आता रिंगचं आतलं अस्तर आधीच घासून काढलं असेल तर अस्तराच्या मदतीनेच रिंग सैल करणारं ॲसिटिलकोलीन घालूनही रेघ ढिम्म हलत नाही, पण एएनपी घातलं की हळूहळू उतरायला लागते! म्हणजे अस्तराची गरजच नाही, रिसेप्टर थेट स्नायूपेशीवर बसलाय. त्याचं नाव एनपीआर-ए, आणि तो स्वतःच एन्झाइम आहे, बाहेरून पेप्टाइड चिकटलं की त्याचा पेशीतला भाग सीजीएमपी हा निरोप्या रेणू बनवतो, पुढे प्रोटीन कायनेज जी नावाचं एन्झाइम कामाला लागतं, पेशीतलं कॅल्शियम उतरतं, स्नायू सैल, रक्तवाहिनी रुंद. याच घरातलं दुसरं पेप्टाइड, सीएनपी, मात्र एनपीआर-बी या वेगळ्या रिसेप्टरवर जातं.

हार्ट फेल्युअरच्या पेशंटना सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन हे जोडऔषध देतात, त्यातलं सॅक्युबिट्रिल ही पेप्टाइड्स तोडणाऱ्या नेप्रिलायसिन या एन्झाइमला अडवतं, म्हणजे हृदयाचं स्वतःचंच औषध रक्तात जास्त वेळ टिकतं. मला तर हे केवढं सुंदर वाटतं!

शाळेच्या लॅबसाठी त्या रेघांचे काही ग्राफ पाठवतेय, नववी-दहावीच्या मुलांनी जरूर बघावेत, आणि काहीही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा.