मल्टी-प्रोसेस वेल्डिंग मशीन: मोडचे बटण नेमके काय बदलते

मिग (मशीनमधून सतत येणारी वायर वितळवणे), टिग (टंगस्टनच्या न वितळणाऱ्या टोकाने धातू वितळवणे) आणि रॉड अशा तिन्ही पद्धतींनी वेल्डिंग करणारी इन्व्हर्टर मशीन आता गेट-ग्रिल बनवणाऱ्या लहान शेडमध्येही दिसू लागली आहेत. त्यांच्या पॅनेलवर इतके नॉब, दिवे आणि आखूड अक्षरे असतात की अनुभवी कारागीरही त्यांतील निम्म्यांना हात लावत नाही. बहुतेक ठिकाणी एका मापाच्या पत्र्यासाठी नॉब कुठे ठेवायचा ते कोणीतरी दाखवून देते, तिथे मार्करने खूण केली जाते आणि पुढचे सगळे काम त्या खुणेवर चालते. ही रीत वाईट नाही. परंतु वायरचा व्यास, गॅस किंवा पत्र्याची जाडी बदलली की ती खूण उपयोगाची राहत नाही. माझ्या मते पॅनेलसमोर उभे राहिल्यावर आधी एकच प्रश्न विचारावा: निवडलेल्या मोडमध्ये हे मशीन कोणती गोष्ट स्थिर ठेवणार आहे?

रॉडच्या मोडमध्ये, म्हणजे पॅनेलवर एमएमए किंवा स्टिक असे लिहिलेले असते तेव्हा, मशीन करंट स्थिर ठेवते. रॉड हातात धरलेला असतो, हात थोडाफार हलतोच आणि त्यामुळे आर्कची, म्हणजे रॉडचे टोक आणि काम यांच्यामधील विजेच्या ज्योतीची, लांबी सतत बदलते. लांबी बदलली की व्होल्टेज बदलते, पण करंट जवळपास तेवढाच राहिल्यामुळे रॉड एकसारखा वितळतो. टिगमध्येही तत्त्व हेच आहे. मिगमध्ये मात्र मशीन व्होल्टेज स्थिर ठेवते आणि वायर ठरावीक वेगाने पुढे ढकलते. टॉर्च, म्हणजे वायर बाहेर सोडणारी हातातली नळी, कामापासून किंचित दूर गेली तर आर्क लांबते, करंट उतरतो, वायर कमी वितळते आणि पुढे येणारी वायर ते अंतर आपोआप भरून काढते; टॉर्च जवळ आली तर याच्या उलट घडते. येणारी वायर वितळवायला लागेल तेवढा करंट मशीन पुरवत असल्यामुळे मिगमध्ये करंटचा वेगळा नॉब नसतो आणि वायरच्या वेगाचा नॉब हाच करंटचा नॉब ठरतो. ही एक गोष्ट नीट पटली की पॅनेलवरचा अर्धा गोंधळ संपतो.

एकाच डब्यातून दोन्ही स्वभाव निघू शकतात, याचे कारण इन्व्हर्टरच्या रचनेत आहे. जुन्या ऑइल कूल्ड ट्रान्सफॉर्मर सेटचा स्वभाव त्याच्या लोखंडी गाभ्याने आणि गुंडाळ्यांनी कायमचा ठरवलेला असे. इन्व्हर्टरमध्ये ५० हर्ट्झची वीज आधी डीसी केली जाते, आयजीबीटी किंवा तशाच इलेक्ट्रॉनिक स्विचच्या साहाय्याने सेकंदाला हजारो वेळा तोडली जाते, लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेली जाते आणि पुन्हा डीसी होऊन बाहेर येते. बाहेर पडणारा करंट आणि व्होल्टेज नियंत्रक सर्किट सतत मोजत असते, आणि मोडचे बटण मुख्यत्वे त्या सर्किटला यांपैकी काय धरून ठेवायचे ते सांगते.

यंत्राची क्षमता तपासण्यासाठी आयईसी ६०९७४-१ या आंतरराष्ट्रीय मानकात प्रत्येक पद्धतीसाठी व्होल्टेजचे एक साधे सूत्र दिले आहे आणि पॅनेल समजण्यासाठीही ते फार उपयोगी पडते. करंटला ०.०४ ने गुणून रॉडसाठी त्यात २० मिळवायचे आणि टिगसाठी १० मिळवायचे. मिगसाठी करंटला ०.०५ ने गुणून १४ मिळवायचे. म्हणजे १२० अँपिअरला रॉडच्या आर्कवर २४.८, मिगच्या आर्कवर २० आणि टिगच्या आर्कवर १४.८ व्होल्ट धरले जातात. करंटचा आकडा तोच असूनही रॉडमध्ये सुमारे २,९७६ वॅट आणि टिगमध्ये सुमारे १,७७६ वॅट खर्च होतात. त्यामुळे एका मोडमध्ये जमलेला आकडा जसाच्या तसा दुसऱ्या मोडमध्ये नेण्यात अर्थ नसतो.

गोंधळाचे दुसरे कारण नॉबच्या दुहेरी नावांत आहे. अनेक मशीनवर एकच नॉब मिगमध्ये वायरचा वेग आणि रॉडमध्ये करंट ठरवतो, तर शेजारचा नॉब मिगमध्ये व्होल्टेज आणि रॉडमध्ये आर्क फोर्स ठरवतो. १२ नंबरचा, म्हणजे २.५ मिलिमीटरचा ६०१३ रॉड (६०१३, ७०१८, ६०१० हे रॉडच्या प्रकारांचे क्रमांक) साधारण ६० ते ९० अँपिअरमध्ये चालतो आणि १० नंबरचा, म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड ९० ते १३० अँपिअरमध्ये चालतो; एवढे बहुतेकांना ठाऊक असते. आर्क फोर्स मात्र दुर्लक्षित राहतो. आर्क फार आखूड झाली, म्हणजे रॉड चिकटण्याच्या बेतात आला, की हा नॉब त्या क्षणापुरता करंट वाढवून देतो. ६०१३ साठी तो कमी ठेवला तरी चालते. ७०१८ आखूड आर्कवर चालवायचा असल्यामुळे त्याला मध्यम फोर्स मानवतो, तर सेल्युलोज आवरणाच्या ६०१० रॉडला आणखी जास्त लागतो. पातळ पत्र्यावर तो वाढवून ठेवला तर भोके पडतात आणि दोष मात्र करंटला दिला जातो. हॉट स्टार्ट आर्क पेटवताना काही क्षण जास्तीचा करंट देतो, आणि रॉड चिकटलाच तर अँटी-स्टिक करंट उतरवून तो लाल होण्याआधी सोडवू देते.

मिगमध्ये सर्वांत कमी समजलेला नॉब इंडक्टन्सचा आहे. पातळ आणि मध्यम जाडीच्या कामात वायर सेकंदाला साधारण २० ते २०० वेळा वितळलेल्या धातूला टेकते, क्षणभर शॉर्ट होते आणि वितळून सुटते. आर्कचा तो एकसारखा तडतड आवाज याचाच असतो. टेकल्यावर करंट किती झपाट्याने चढू द्यायचा, हे इंडक्टन्स ठरवतो. तो कमी असेल तर करंट उसळून वर जातो, आर्क कडक होते आणि ठिणग्या जास्त उडतात. वाढवला तर आर्क मऊ होते, स्पॅटर (उडणारे धातूचे कण) घटतो, धातू जास्त वेळ पातळ राहतो आणि बीड (वेल्डची रेघ) सपाट पसरते. पण फार वाढवला तर सुरुवात अडखळते. वायरचा वेग आणि व्होल्टेज आधी आवाजावरून जमवावेत आणि मगच इंडक्टन्सला हात लावावा, कारण पहिली दोन मापे चुकलेली असताना तिसऱ्याने ती सुधारत नाहीत.

सिनर्जिक मोडमध्ये धातू, गॅस आणि वायरचा व्यास सांगितला की वायरच्या वेगाला साजेसे व्होल्टेज मशीन स्वतःच्या तक्त्यातून घेते आणि आपल्या हाती एकच मुख्य नॉब राहतो. नव्या माणसासाठी ही सोय चांगली आहे, मात्र तक्ता दिलेल्या माहितीवरच चालतो. ८० टक्के आर्गॉनच्या मिश्रणाचा प्रोग्रॅम निवडून शुद्ध कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडला, तर आर्क खडबडीत होणारच. कार्बन डायऑक्साइडला व्होल्टेज थोडे जास्त लागते आणि स्पॅटरही त्याच्यात जास्त असतो.

पोलॅरिटीविषयी, म्हणजे कोणती केबल पॉझिटिव्हला आणि कोणती निगेटिव्हला जोडायची याविषयी, मात्र पॅनेल सहसा काहीच बोलत नाही. मोडचे बटण फिरवल्याने पुढच्या बाजूच्या केबल आपोआप बदलत नाहीत. त्या हातानेच बदलाव्या लागतात. गॅस लावून साधी वायर चालवताना टॉर्च पॉझिटिव्हला आणि कामाला लावलेली अर्थ केबल निगेटिव्हला असते. बिनगॅसच्या फ्लक्स कोअर (पोटात फ्लक्सची पूड भरलेल्या) वायरसाठी बहुधा याच्या उलट जोडणी लागते आणि खात्रीसाठी वायरच्या वेष्टनावरील सूचना पाहावी. टिगमध्ये टॉर्च निगेटिव्हला असते, कारण डीसी आर्कची बरीचशी उष्णता पॉझिटिव्ह बाजूला जाते आणि उलट जोडल्यास टंगस्टनचेच टोक वितळते. ७०१८ पॉझिटिव्हवर चालवतात, ६०१३ दोन्हीकडे चालतो. आणखी एक बाब सुरक्षिततेची आहे: मिग टॉर्चची आखूड पोलॅरिटी केबल तशीच खुपसलेली ठेवून रॉडचा मोड निवडला, तर अनेक मशीनमध्ये ट्रिगर न दाबताही मिगच्या टिपवर (वायर बाहेर पडते त्या टोकावर) व्होल्टेज येते. तेव्हा ती केबल काढून ठेवावी. व्हीआरडीची सोय असेल तर काम थांबल्यावर ती होल्डरवरचे रिकामे व्होल्टेज उतरवते; पावसाळ्यात आणि ओल्या जमिनीवर ती बंद ठेवू नये.

टिगविषयी विकत घेण्यापूर्वीच एक गोष्ट पाहावी. स्वस्त मल्टी-प्रोसेस मशीनमध्ये बहुतेक वेळा फक्त डीसी लिफ्ट टिग असते: टंगस्टन कामाला टेकवून उचलला की आर्क पेटते. साधे पोलाद आणि स्टेनलेस यांना ते पुरते, ॲल्युमिनियमला नाही. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २,००० अंशांच्या पुढे वितळतो. तो फोडण्यासाठी एसी लागते, कारण टंगस्टन पॉझिटिव्ह असलेल्या अर्ध्या आवर्तनात हा थर साफ होतो. मिगमध्ये वायर मुळातच पॉझिटिव्ह असल्यामुळे ही सफाई डीसीवरही होते, म्हणून त्याच मशीनवर शुद्ध आर्गॉन, टेफ्लॉनचा लायनर (वायर जाते ती आतली नळी) आणि यू आकाराच्या खाचेचे रोलर लावून ॲल्युमिनियमचे मिग करता येते.

टॉर्चच्या ट्रिगरसाठी पॅनेलवर २टी आणि ४टी असे पर्याय असतात. २टीमध्ये ट्रिगर धरून ठेवेपर्यंत आर्क चालते. ४टीमध्ये दाबून सोडला तरी ती चालू राहते, आणि लांब बीडसाठी बोटांना विश्रांती मिळते. बर्नबॅक, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर आर्क जराशी चालू ठेवण्याचा वेळ, वाढवला की थांबताना वायर टिपकडे जास्त जळते, कमी केला की ती धातूत अडकते.

शेवटी मागची रेटिंग प्लेट. त्यावर प्रत्येक मोडसाठी वेगळी ओळ असते. २०० अँपिअरला ६० टक्के ड्यूटी सायकल म्हणजे ४० अंश तापमानात दर १० मिनिटांत ६ मिनिटे वेल्डिंग. अखंड काम किती करंटवर करता येईल ते काढण्यासाठी २०० ला ०.६ च्या वर्गमुळाने गुणावे. उत्तर साधारण १५५ अँपिअर येते. याच प्लेटवर मशीन लाइनमधून किती करंट ओढेल तेही दिलेले असते. रॉडचे वरचे सूत्र २०० अँपिअरला लावले तर २८ व्होल्ट आणि केवळ आर्कवर ५,६०० वॅट होतात, तर २३० व्होल्टचे १६ अँपिअरचे घरगुती सॉकेट एकूण ३,६८० व्होल्ट-अँपिअरच देऊ शकते. अशा सॉकेटवर १२ नंबरचा रॉड ८० अँपिअरला चालतो. मशीनची पूर्ण क्षमता हवी असेल तर मीटरपासून पुरेशा जाडीची स्वतंत्र वायर आणि वेगळा एमसीबी घ्यावा लागतो.