गाडीखाली पाणी नव्हतं

जुलै लागला की ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजच्या गाळ्यात एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: गाडीचा एसी लावला की आंबूस वास मारतो. कोणी म्हणतं ओले मोजे, कोणी म्हणतं उतू गेलेलं डोशाचं पीठ. माझं निम्मं काम नाकच करतं. वास गोडसर असेल तर हीटरकडे इंजिन थंड ठेवणारं कूलंट गळतंय. एसी बंद असतानाही घाण येत असेल तर उंदीर. पण एसी लावल्यावर पहिलं मिनिटभर आंबट झोत येऊन मग कमी झाला, तर तो कूलिंग कॉइलचा. डॅशबोर्डच्या पोटातली ही कॉइल एसी चालू असेपर्यंत पाण्याने निथळत असते. तिच्यावर धूळ चिकटते आणि गाडी बंद झाली की त्या अंधाऱ्या ओलीत बुरशी फोफावते.

उपवनच्या काकांची गाडी याच वासाची. माझ्याकडे येण्याआधी एका गॅरेजवाल्याने त्यावर उपाय म्हणून गॅस भरून दिला होता! गॅस बंद नळ्यांतून फिरतो, त्याचा या वासाशी काडीचा संबंध नाही. पण ‘गॅस भरला’ म्हटलं की गिऱ्हाईक मुकाट पैसे काढतं, हे धंद्यात सगळ्यांना ठाऊक. वर काकांनी आरशाला मोगऱ्याचं परफ्यूम टांगलेलं. मोगरा आणि आंबलेलं ताक एकदम नाकात गेलं की काय होतं, ते विचारू नका.

ग्लोव्ह बॉक्स उतरवून आतली हवा गाळणारा केबिन फिल्टर काढला. काळाकुट्ट, वर पिंपळाच्या पानांचा चुरा. नवा टाकला, कॉइलवर साफ करायचा फोम मारला, वीस मिनिटं मुरू दिला, ब्लोअर फुल करून सुकवलं. वास गेला. काका खूश, मी खूश.

नवव्या दिवशी गाडी परत.

दुसऱ्यांदाही मी फोमच मारला. हे लिहिताना लाज वाटते. काका आतलीच हवा फिरवायचं बटण कायम दाबून ठेवायचे आणि घरी पोचल्यावर एसी चालू असतानाच चावी बंद करायचे. मी त्यावर त्यांना व्याख्यान दिलं. घर पाच मिनिटांवर आलं की एसीचं बटण बंद करा, पंखा चालू ठेवा, बाहेरची हवा आत घ्या, म्हणजे कॉइल सुकते. सल्ला शंभर टक्के खरा आहे, आजही प्रत्येकाला देतो. त्या दिवशी मात्र मी तो स्वतःचा आळस झाकायला वापरला. आणि निम्मे पैसेही घेतले.

तिसऱ्या खेपेला सकाळपासून पाऊस उघडला होता, लादी चक्क कोरडी होती. गाडी एसी लावून उभी, काका बाकावर चहा पीत होते. आमचा पोऱ्या म्हणाला, “दादा, हिच्याखाली पाणीच नाही.”

मे महिन्यात एसी लावलेली गाडी उभी राहिली की खाली थारोळं होतं, ते शेंबडं पोरही बघतं. जुलैत सगळ्याच गाड्या निथळत येतात, लादी कायम ओली. मी खाली बघणंच सोडून दिलं होतं. डावीकडच्या सीटपुढची मॅट उचलली, तर खालचं कार्पेट चिंब. ते मी आधीही पाहिलं होतं आणि पावसातल्या बुटांवर ढकललं होतं. काकाही तेच समजत होते.

गाडी वर घेतली. कॉइलखालचं पाणी बाहेर सोडणारी नळी म्हणजे बोटाएवढं रबरी कोपर. बरेच जण ती चोंदली की खालून कॉम्प्रेसरची हवा मारतात, मग सगळा राडा उडून कॉइलवर बसतो. मी गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवली. आधी गढूळ पाणी आलं, मग चिखलाचे गोळे, आणि गोळ्यांत कोळ्यांचे पाय.

कुंभारीण माशी! गाडी येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी उभी असते आणि एप्रिल-मे काका चिपळूणला होते. दोन महिने गाडी जागची हलली नाही. माशीने नळीत मातीचं घर बांधलं, पिल्लांसाठी कोळी भरून ठेवले. जूनमध्ये एसी सुरू झाल्यावर त्या मातीचा चिखल झाला, नळी जवळजवळ बुजली आणि कॉइलखालच्या ट्रेमध्ये डबकं साचलं. माझा फोम वरची बुरशी मारत होता, खालून ती पुन्हा चढत होती. कापलेल्या बाटलीत दोन-तीन कप पाणी निघालं. पोऱ्याने हुंगून बघितलं आणि बाहेर पळाला.

मग फोम तिसऱ्यांदा, या वेळी ट्रेसकट. सीट काढून कार्पेट उचललं. त्याच्या खालचा जाड थर स्पंजसारखं पाणी धरतो, तो तसाच ठेवला तर वास तिथून सुरू होतो. दोन दिवस टेबलफॅनपुढे सुकवलं.

गाडी नेताना काकांनी शांतपणे विचारलं, “मग आधी दोनदा काय केलंत?”

“कॉइल धुतली,” मी म्हणालो. खोटं नव्हतं.

या वेळचे काही घेतले नाहीत, दुसऱ्या वेळचे परत दिले. पहिल्या वेळचे ठेवले. फिल्टर तर खरंच चोंदलेला होता ना.