आमची वाटचाल : इतवारीतल्या आमच्या पतसंस्थेची

पहिले एक गोष्ट सांगून टाकतो, आमची बँक नाही, पतसंस्था आहे. नागपूरच्या इतवारी बाजारात सगळेच "बँकेत जाऊन येतो" म्हणतात आणि आम्हीही कोणाला टोकत नाही, पण पैसे ठेवणाऱ्याला हा फरक माहीत पाहिजेच. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो (फेब्रुवारी 2020 च्या आधी तो 1 लाखच होता), पतसंस्थेच्या ठेवीला तो विमा नसतो. मी संस्थेचा अध्यक्ष, नवीन ठेवीदार आला की हे मी स्वतः त्याला समोर बसवून सांगतो. आमच्या मॅनेजरला सुरुवातीला हे अजिबात पटत नव्हतं, म्हणे साहेब असं सांगितलं तर कोण पैसे ठेवणार आपल्याकडे. पण लोक ऐकून घेतात, दोन प्रश्न विचारतात आणि ठेवतात, आणि म्हणूनच कोणालाही कर्ज देताना माझा हात जपून चालतो, कारण तो पैसा कोणाच्या तरी पोरीच्या लग्नाचा असतो.

सुरुवात कशी झाली ते सांगतो. गांधीबागेत माझ्या वडिलांचं कापडाचं लहानसं दुकान होतं. जवळच भाजीवाल्या बाया बसायच्या, त्यांना सकाळी 900 रुपये देऊन संध्याकाळी 1000 घेणारा एक माणूस रोज यायचा. मी तेव्हा कॉलेजात होतो, कागदावर व्याजाचा हिशोब केला आणि बाबांना दाखवला, म्हटलं बाबा ही तर लूट आहे. बाबा म्हणाले, लूट तर आहेच, पण त्या बाईला सकाळी सहा वाजता 900 रुपये देणारा दुसरा कोण आहे ते सांग. मला उत्तर देता आलं नाही, आणि तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही.

पुढे काही वर्षांनी आम्ही बाजारातले काही दुकानदार एकत्र आलो, कापडवाले, किराणावाले, एक भांडेवाले काकाजी, एक सोनार. 1960 च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदणी करायची म्हणजे जिल्हा उपनिबंधक कार्यालयाच्या किती चकरा मारल्या त्याचा हिशोबच नाही, दुकान सोडून जायचं आणि रिकाम्या हातानं परत यायचं. शेवटी नोंदणी झाली. आमच्याच दुकानाच्या माळ्यावर एक टेबल, एक लोखंडी कपाट आणि चार खुर्च्या, एवढंच ऑफिस होतं.

आमचा खरा पाया म्हणजे डेली कलेक्शन, म्हणजे रोज दारोदार फिरून थोडी थोडी रक्कम जमा करणं. आमचे एजंट दुपारी चारला निघतात, मस्कासाथ, हंसापुरी, जागनाथ बुधवारी करत रात्री नऊपर्यंत फिरतात, कोणी 20 देतं, कोणी 500. रोजची जमा लिहिलेली, तेलाचे, हळदीचे अंगठे उमटलेली कार्डं महिन्याच्या शेवटी मी अजूनही स्वतः पाहतो, आता सगळं कॉम्प्युटरवर आहे तरी. कार्ड वाचता आलं की माणसाचा धंदा समजतो. मिरचीवाल्याचं कार्ड जानेवारीपासून भरतं. संत्रावाल्याचं वर्षातून दोनदा भरतं, एकदा संत्र्याच्या आंबिया बहाराला नि एकदा मृग बहाराला. मंडपवाल्याचं फक्त लग्नसराईत. मग सगळ्यांना बारा महिने एकसारखा हप्ता कशाला लावायचा? भर पावसाळ्यात मंडपवाल्याकडे हप्ता मागायला जाणं म्हणजे त्याला खोटं बोलायला लावणं आहे. आम्ही हप्ते सिझन पाहून बांधतो, आणि माझ्या मते आमची वसुली चांगली राहण्याचं मोठं कारण हेच आहे.

हंसापुरीतल्या एक ताई आल्या होत्या, पीठ आणि मसाल्याची चक्की घ्यायची होती. घर किरायाचं, हातात कागद म्हणाल तर आधार कार्ड आणि आमचं डेलीचं कार्ड, बस. दोन संचालक नाही म्हणत होते, आणि त्यांचंही चूक नव्हतं. मी तीन वर्षांची कार्डं काढून टेबलावर मांडली, रोज 50 रुपये, आणि मधात एका ठिकाणी सलग तेरा दिवस कोरे. एजंटला विचारलं हे काय आहे? तो म्हणाला, साहेब ताईचे सासरे गेले होते, तेरवी झाली अन् चौदाव्या दिवशी मले आवाज देऊन बोलावलं, म्हणे भाऊ आजपासून घ्या. कर्ज त्याच मीटिंगमध्ये मंजूर झालं. आज त्यांच्याकडे दोन चक्क्या आहेत आणि दिवाळीच्या आधी भाजणीसाठी डब्यांची लाईन लागते.

पण आम्ही चुकलोही. एका व्यापाऱ्याला आम्ही तोपर्यंतचं सगळ्यात मोठं कर्ज दिलं. बोलणं छान, गाडी मोठी, स्टॉक स्टेटमेंट एकदम टापटीप, आणि आम्ही ते कागद पाहूनच खुश झालो, गोडाऊनमध्ये जाऊन पाहिलं नाही. जेव्हा पाहिलं तेव्हा आत रिकामे खोके होते. मग सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 101 चा वसुली दाखला, तारखा, जप्ती, त्यात काही वर्षं गेली. पैसा बराचसा आला, पण त्यातला मोठा भाग जामीनदारांकडून आला, आणि त्यातले एक होते आमचे भांडेवाले काकाजी, ज्यांनी पहिल्या दिवसापासून साथ दिली होती. त्यांनी दुकानातला माल कमी करून पैसे भरले, एक शब्द बोलले नाहीत, नंतर मात्र आमच्या ऑफिसची पायरी चढले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आलो. चहा दिला त्यांनी, पण बोलले फक्त पावसापाण्याचं. हे दुःख माझ्या मनातून जात नाही. तेव्हापासून आमचा नियम आहे, अध्यक्ष आणि एक संचालक दुकानात तासभर बसल्याशिवाय मोठं कर्ज मंजूर होत नाही, आणि जामीनदाराला कर्जदाराच्या मागे वेगळं बसवून सांगतो की भाऊ, हा नाही भरला तर तुम्हाला भरावं लागेल, रात्रभर विचार करा, घरी बायकोला विचारा, उद्या सही करा.

8 नोव्हेंबर 2016 ची नोटबंदीची रात्र कोणी विसरणार नाही. पतसंस्थेला जुन्या नोटा बदलून द्यायची परवानगी नव्हती आणि बँकेतल्या चालू खात्यातून आठवड्याला 50 हजारच निघत होते, त्यात आमचे शेकडो ठेवीदार, आणि लग्नसराई तोंडावर. एका सभासदाच्या मुलीचं लग्न अगदी जवळ आलं होतं, पैसे आमच्याकडे ठेवलेले, पण नोटा द्यायच्या कुठून? आम्ही किराणावाला, कापडवाला आणि मंडपवाला, तिघं आमचेच सभासद, एका टेबलावर बसवले आणि मुलीच्या बापाच्या खात्यातून त्यांच्या खात्यात पैसे वळते केले. एकही नोट न लागता लग्न लागलं. नंतर अशा किती लग्नांचे व्यवहार आमच्या खातेवहीत झाले. लॉकडाऊनमध्ये डेली बंद पडली तेव्हा एजंटांना सांगितलं, पैशाचं काढू नका, फक्त रोज फोन करून विचारा कसे आहात. मार्च 2021 मध्ये नागपूर आठवडाभर पुन्हा बंद झालं तेव्हा तर लोकच आम्हाला फोन करून विचारत होते.

आणि मग 23 सप्टेंबर 2023. आदल्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण झालं, सगळे थकून झोपले, आणि रात्री जो पाऊस कोसळला त्यात अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी सीताबर्डीपर्यंत घुसलं. आमच्या एका सभासदाचं पंचशील चौकाजवळ झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे, मी अकराच्या सुमारास पोहोचलो. कागदाचे रीम फुगून पावासारखे झाले होते, दोन्ही मशीनच्या आत चिखल, आणि तो पोरगा गल्ल्यातल्या ओल्या नोटा एकेक करून वर्तमानपत्रावर वाळत घालत होता. त्यातच आमचं डेलीचं कार्डही वाळत ठेवलेलं, शाई सगळी पसरलेली. मला म्हणाला, काकाजी कार्ड खराब झालं, नवीन भेटेल ना? मी त्याला काही बोलूच शकलो नाही.

आठवड्याभरातच आमची आमसभा होती, ती 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. पुरात सापडलेल्या सभासदांचे हप्ते सहा महिने थांबवायचे आणि त्याचा भार म्हणून त्या वर्षी लाभांश कमी घ्यायचा हा विषय मी मांडला, मला वाटलं वाद होईल, पण मागून एक म्हातारे किराणावाले उठून म्हणाले, अध्यक्ष साहेब, याले काय विचारून राहिले, करून टाका.

त्या पोरानं दिवाळीच्या आठवड्यात नवीन कार्डावर पुन्हा डेली सुरू केली, 20 रुपयांनी. आता त्याला मानेवाड्याकडे कॉलेजच्या पोरांसाठी दुसरं दुकान टाकायचं आहे, अर्ज आलेला आहे. जागा पाहिली नाही अजून. उद्या दुपारी मी आणि एक संचालक तिथं जाऊन बसणार आहोत, त्या रस्त्यावर गिऱ्हाईक किती फिरतं ते पाहायला.