सरकारचे सात दिवस देणे

मेहुण्यांनी आज घरच्या ग्रुपवर सरकारी कर्मचारी वर्षात किती दिवस काम करतो याचा तो जुनाच हिशेब पाठवला आणि खाली 'आमच्या भाऊसाहेबांना सप्रेम' असे लिहिले. वर्षाचे दिवस 365. रोजच्या आठ तासांच्या झोपेचे 122 दिवस गेले, घर, जेवण आणि येण्याजाण्याच्या आठ तासांचे आणखी 122 गेले, उरलेल्या 121 मधून शनिवार-रविवारचे 104 वजा केले की हाती 17 राहतात आणि 24 सार्वजनिक सुट्ट्या काढल्या की कर्मचारीच सरकारचे सात दिवस देणे लागतो. सगळे हसले, मीही अंगठा दाखवला, पण दिवसभर ते खुपत राहिले.

यातली लबाडी उघड आहे, कारण शनिवार-रविवारची झोप दोनदा वजा झालेली आहे. जेवणानंतर मी कागद घेऊन बसलो. फेब्रुवारी 2020 अखेर आम्हा राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हापासून वेळ पावणेदहा ते सव्वासहा, त्यात जेवणाचा अर्धा तास. म्हणजे निव्वळ आठ तास. शनिवार, रविवार, सुट्ट्या (रविवारी येणाऱ्या सणांचे दुःख सोडून देऊ), 30 दिवस अर्जित रजा आणि आठ किरकोळ रजा वजा जाता 199 दिवस उरतात. त्यांचे 1592 तास, म्हणजे 66 अहोरात्र. प्रामाणिकपणे मांडूनही वर्षाचा पाचवा हिस्सा भरत नाही, हे पाहून मात्र मन खट्टू झाले.

आणि त्या तासांतही काम कशाला म्हणायचे? परवा एका आजींचा जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, शोधायला अभिलेख कक्षात गेलो, तेव्हा कडा झडलेल्या नोंदवह्यांचे गठ्ठे सोडता-बांधता दुपार गेली, नाकातोंडात धूळ गेली. नोंद सापडल्यावर नक्कल तयार करायला दहा मिनिटेही लागली नाहीत. काम कोणते, ती दहा मिनिटे की ती दुपार? सर्व्हर बंद असताना खिडकीबाहेरच्या रांगेची बोलणी ऐकत बसतो, ते कोणत्या खात्यात टाकायचे? साहेबांना विचारण्यात अर्थ नाही.

उलट बाजूही आहे. चहाला उठलो की टेबलावरची नस्ती (म्हणजे फाइल) कधीकधी आपोआप पुढे सरकलेली असते, त्यामुळे माझ्या नसण्यानेही शासन चालते, हे मान्य करायला हवे.

शेवटी, सदर सात दिवस माझ्या शिल्लक अर्जित रजेतून वळते करून घ्यावेत, असा रीतसर अर्ज लिहून ग्रुपवर टाकला. मेहुण्यांनी लगेच आवक क्रमांक मागितला आहे.